शिष्यत्वाची वही: उजवं पान उत्तम, शेवटचा भाग वगळा

'वचन आचरणात आणा' छापाच्या वह्या बऱ्याच निघतात. ही त्यातलीच एक, वर्षभराची. डाव्या पानावर बायबलमधला शास्त्रभाग आणि चार ओळींचं स्पष्टीकरण, उजव्या पानावर तीन चौकटी: काय करणार, कोणासाठी, कोणत्या दिवशी. तळाला बारकी चौकट, 'झालं / राहिलं'. मनन लिहायला जागाच ठेवलेली नाही, आणि मला वही आवडली ती त्यामुळेच. मी मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, हिशेब लिहिते. 'या वचनातून फार आशीर्वाद मिळाला' ही नोंद कुठल्या खात्यात टाकायची, हे मला कधीच कळलेलं नाही. नुसतं ऐकणारे स्वतःचीच फसवणूक करतात, असं याकोब 1:22 मध्ये आहे. वहीने ते मनावर घेतलंय.

स्पष्टीकरणं ठीकठाक. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाला (मत्तय 5 ते 7) मात्र पुरेसा वेळ दिलाय. सगळ्यात जमलेलं पान मत्तय 5:23-24 चं, अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला जा, ते. आपण हा भाग सर्रास उलटा वाचतो: माझा ज्याच्यावर राग आहे, त्याला मी क्षमा करायची. वही नेमकं विचारते, 'ज्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे, त्याचं नाव.' इथे मनातल्या मनात क्षमा करून भागत नाही, उठावं लागतं. मी जाऊबाईंचं नाव लिहिलं, दिवस गुरुवार. फोन लावून सरळ विचारलं, "ताई, माझ्याबद्दल तुमच्या मनात काही आहे का?" जरा थांबून त्या म्हणाल्या, "आहे. वेळ आहे का तुला?" पुढचं इथे लिहीत नाही. 'झालं'वर खूण करायला त्या आठवड्यात माझा हात धजला नाही, पुढच्या आठवड्यात केली.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात मात्र वहीची फजिती होते. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू देऊ नका, असं डाव्या पानावर. आणि उजव्यावर 'किती दिलं, कोणाला दिलं' ते लिहून गटात वाचून दाखवायचं! उपवासाचंही तेच. छापण्याआधी कोणी वाचलं नाही का? ती दोन पानं मी कोरी ठेवली.

शेवटचा भाग 'तुमचं पाचारण ओळखा', म्हणजे देवाने तुम्हाला कोणत्या सेवेसाठी बोलावलंय ते. प्रश्नावली भरा, गुण मोजा, निकाल पाहा. मला 'शिक्षक' असा निकाल आला. चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. निकालाचे पर्याय फक्त इफिस 4:11 मधले: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. रोम 12 मध्ये दान देणारे आणि दया करणारे आहेत, 1 करिंथ 12:28 मध्ये साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे आहेत. त्यांना वहीत जागा नाही. मुळात पाचारण म्हणजे शोधून काढायची हरवलेली वस्तू, ही समजूतच मला पटत नाही. कलस्सै 4:17 मध्ये प्रेषित पौल अर्खिप्प नावाच्या सेवकाला निरोप धाडतो, तो मिळालेली सेवा पूर्ण करण्याचा. तोही सगळ्या मंडळीमार्फत, म्हणजे टाळायची सोय नाही. सेवा कोणती, हे पत्रात दिलेलं नाही. अर्खिप्पाला ठाऊक होती, तेवढं पुरे.

हे वचन वहीत कुठेच नाही. त्याऐवजी 2 तीमथ्य 4:7, धाव संपवल्याचं, ठळक अक्षरांत पानभर. खालच्या ओळी कापल्यात. त्यात पौलाचा सोबती देमास सोडून गेल्याचं आहे, त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तकं मागवलेली आहेत, आणि मार्काला सोबत आण, तो सेवेला उपयोगी आहे, असंही आहे. अर्ध्या वाटेवरून परतला म्हणून ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा वेगळे झाले, तोच हा मार्क. सेवा मध्येच सोडलेल्या माणसाला या पानाचा केवढा आधार झाला असता!

तरीही घ्या म्हणेन. नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांना आणि तिघा-चौघांच्या गटाला विशेष उपयोगी. एकट्याने भरली तर 'राहिलं'ची चौकट विचारणारं कोणी नसतं. तारखा छापलेल्या नाहीत, त्यामुळे आजारपणात खंड पडला तरी पानं वाया जात नाहीत. कागद पातळ आहे, शाई मागे उमटते. पेन्सिल वापरा.