डाएट डबा: वजनाला पास, छातीतल्या जळजळीला नापास

संभाजीनगरात सध्या गल्लोगल्ली डाएट डबा मिळतो. हा रिव्ह्यू सिडकोतल्या एका घरगुती किचनचा. नाव देत नाही, कारण शहरातले बरेच डबे याच साच्यातले आहेत आणि खोटही तीच. दोन वेळचं जेवण, सोबत सकाळची लिंबू-मधाची बाटली, महिन्याचे 5,200 रुपये. जाहिरातीत एका दमात दोन गोष्टी सांगितल्यात: वजन उतरेल आणि अ‍ॅसिडिटी जाईल. पहिली पटते.

दुपारचा डबा खरंच मोजून भरलेला असतो. दोन पातळ भाकरी, प्रत्येकी साधारण 40 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची, म्हणजे एकीला 135 ते 140 कॅलरी. वाटीभर घट्ट वरण, दोडका, गिलकं नाहीतर शेपू, आणि काकडी. भाजीचा पुडा तिरका धरून बघा, कडेला तेल जमत नाही. माणशी चमचाभराच्या वर तेल नसावं. आपल्या घरच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर जो लाल तवंग येतो, तो सहज तीन-चार चमच्यांचा असतो, आणि छोट्या चमच्यामागे 40 कॅलरी धरायच्या. शेंगदाण्याचा कूट भाजीत न घालता वेगळ्या पुडीत देतात, ही अक्कल दाद देण्यासारखी. 10 ग्रॅम कुटात 55च्या आसपास कॅलरी जातात, आणि मराठवाड्यात कूट कोण मोजतं? भाकरी मात्र फॉइलमध्ये घाम येऊन चिवट होतात. सुती फडकं मागा, देतात.

रोज 500 कॅलरी कमी गेल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं, पुढे वेग मंदावतो. फार झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, तेव्हा महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. पोटाचा घेर कमी झाला की जठरावरचा दाब कमी होतो आणि आंबट वर येणंही कमी होतं, इथवर जाहिरात बरोबर आहे. पण त्याला काही महिने लागतात, आणि तोवर याच डब्यातले पदार्थ जळजळ वाढवत राहतात.

सकाळची बाटलीच घ्या. रिकाम्या पोटी लिंबू प्यायल्याने चरबी वितळत नाही, आधीच सोललेल्या अन्ननलिकेला झोंबतं तेवढं. वर मोठ्या चमचाभर मधाच्या 60 कॅलरी. दुपारच्या ताकात पुदिना असतो. तो तोंडाला गार लागतो, पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल करू शकतो, म्हणून त्रास असलेल्यांनी जिऱ्याचं ताक मागावं. रात्री टोमॅटोचं सूप, चुक्याची भाजी आणि कच्च्या कांद्याचा भलामोठा वाडगा. कॅलरी नगण्य, त्यामुळे डाएटवाल्यांना हे लाडकं. मात्र टोमॅटो आंबट, कांदा बऱ्याच जणांना बाधतो, आणि पोट तट्ट फुगलं की ती झडप पुन्हा पुन्हा उघडते, मग आत सॅलड असो की बिर्याणी.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. किचनमधून गाडी साडेसातला निघते. सिडको, मग गारखेडा, मग बीड बायपास, आणि शहरातल्याच सातारा परिसरात डबा पोचेस्तोवर नऊ वाजून जातात. साडेनऊला जेवून साडेदहाला आडवं झालं तर कितीही मोजून खाल्लेलं अन्न वर येणार. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. सांगितलं तर दुपारच्याच फेरीत रात्रीचा कोरडा भाग देतात: भाकरी आणि दुधी किंवा गिलक्याची भाजी. ती सातला गरम करून खावी. वरण दुपारचं घेऊ नका, उन्हाळ्यात आंबतं. ते जमत नसेल तर फक्त दुपारचा डबा लावा आणि रात्री घरी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवा, वरून गोड ताक, ठेचा नको.

त्यांच्या माहितीपत्रकात डबा सुरू झाला की अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या बंद करा असं छापलंय. हे धोक्याचं आहे. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी सहसा नाश्त्याआधी अर्धा-पाऊण तास घेतात आणि बरेच दिवस घेतलेली एकदम सोडली तर आम्ल उसळी मारतं. कमी कशी करायची ते डॉक्टरांना विचारा. घास अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, किंवा काही न करता वजन घटणं यांपैकी काही असेल तर डब्याचा विषयच नाही, थेट डॉक्टर गाठा, एन्डोस्कोपी लागू शकते. रात्रीच्या त्रासाला पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे घालून डाव्या कुशीवर झोपलं तर फरक पडतो. दोन उशा घेऊन भागत नाही, मान वाकते आणि पोट दाबलं जातं.

दुपारच्या डब्याला पाचपैकी चार, रात्रीच्याला दीड. महिन्याचे पैसे आगाऊ मागतात, पण आठवड्याचा ट्रायल 1,400ला मिळतो, तो घ्या. रविवारी सुट्टी असते आणि चुकलेला डबा पुढे धरत नाहीत, गावाला जाणार असाल तर आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत कळवावं लागतं.