दोन किलोचा एबीसी अग्निशामक: स्वयंपाकघराच्या कसोटीवर

घरासाठी अग्निशामक मागितला की दुकानदार बहुधा दोन किलोची लाल एबीसी टाकी पुढे करतो, आणि ती घेण्यात काही वावगे नाही. तिच्यातील मोनो अमोनियम फॉस्फेटची पूड लाकूड-कापड, रॉकेलसारखे द्रव आणि गॅस यांच्या, म्हणजे अनुक्रमे 'ए', 'बी' आणि 'सी' वर्गाच्या आगीवर चालते, मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या वायरिंगने पेट घेतला तरी वापरता येते. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे, पिनेचे सील शाबूत आहे आणि टाकीवर आयएसआय चिन्हासोबत आयएस १५६८३ हा मानक क्रमांक छापलेला आहे, एवढे दुकानातच पाहून घ्यावे.

माझी हरकत आहे ती कढईपुरती. तळणीच्या तेलाने पेट घेतला तर ही पूड ज्वाळा दडपते, पण तेल थंड करत नाही. त्यामुळे ते पुन्हा भडकू शकते आणि तोवर टाकी रिकामी झालेली असते, कारण तिचा मारा जेमतेम आठ-दहा सेकंद टिकतो. शिवाय फार जवळून फवारल्यास पेटते तेल ओट्यावर उडते. अशा आगीसाठी 'एफ' वर्गाचा वेट केमिकल अग्निशामक असतो. त्यातील पोटॅशियम क्षारांच्या द्रावणाने तेलावर साबणासारखा थर धरतो, जो हवा तोडतो, आणि द्रावणातील पाण्याने तेलही निवते. चकल्या-शेव विकण्यासाठी घरी रोज तळण काढणाऱ्यांनी चार पैसे जास्त मोजून तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतरांना एबीसी पुरेल, मात्र कढई पूर्ण झाकेल असे धातूचे झाकण हाताशी हवे. तेल पेटताच शेगडी बंद करून ते वरून सरकवावे. पाणी मुळीच ओतू नये, कारण ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडवते.

टाकी शेगडीच्या वर न टांगता स्वयंपाकघराच्या दाराशी टांगावी, म्हणजे ती घ्यायला आगीजवळ जावे लागत नाही. वापरानंतर पूड डब्यांच्या फटींत, बर्नरच्या छिद्रांत शिरते. दमट हवेत ती धातूला गंज चढवते, म्हणून त्याच दिवशी पुसून काढावी. टाकी थोडीशी जरी वापरली तरी दाब हळूहळू उतरतो, तेव्हा ती पुन्हा भरूनच घ्यावी लागते. म्हणून जवळपास रिफिलिंगची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.