साउंडहोलचा मॅग्नेटिक पिकअप, आठ महिन्यांनंतर

माझी गिटार साधी ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची अकूस्टिक. सॅडलखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, आधीपासूनच पॅसिव्ह पायझो होता, म्हणजे कंपनांची वीज करून वायरीत पाठवणारा, बॅटरी नसलेला पिकअप. घरी छोट्या अँपवर ठीक, पण मांडवात वायर सरळ मिक्सरला लावली की आवाज पार पातळ, डब्यावर रबर ताणून वाजवल्यासारखा. मग मिक्सरवाला बास चढवायचा आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला एका हळदीत सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट धरला, जी, साधारण 98 हर्ट्झ, की मॉनिटर हुऽऽ करून घुमायला लागला. मांडवातून आवाज आला, "भो, गिटार बंद कर ना, ढोलकीच ऐकू येत नाही." दुसऱ्याच आठवड्यात मी साउंडहोलमध्ये, म्हणजे गिटारच्या गोल भोकात, बसणारा मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकवाला पिकअप मागवला.

घुमणं जवळपास गेलं, कारण हा लाकडाचं फार ऐकतच नाही, तारांचंच ऐकतो. पण पहिल्या दिवशी बी आणि बारीक ई तार नुसती किंचाळत होती. फॉस्फर ब्राँझच्या तारेवरचं वेटोळं चुंबकाला कळत नाही, त्याला आतली पोलादी तारच दिसते, आणि या दोन तारा अख्ख्या पोलादाच्या. पिकअपवर प्रत्येक तारेखाली एक स्क्रू असतो, त्यातला बीचा दोन फेरे खाली उतरवला तेव्हा कुठे जमलं, असे स्क्रू नसलेला पिकअप घेऊच नका.

दुसरं म्हणजे हम. पैसे वाचवायला सिंगल कॉईल, म्हणजे आत एकच गुंडाळी असलेला, घेतला आणि लग्नातल्या लाइटिंगजवळ उभं राहिलं की घूंऽऽ चालू, थोडं तिरकं उभं राहिलं की कमी होतं, पण किती वेळ तिरकं उभं राहणार? डबल कॉईलवाला घ्यायला हवा होता.

आणि खरी गोम तर नंतर कळली. मित्राचा 1 मेगाओहम इनपुट इम्पीडन्सवाला प्रीअँप डीआय, म्हणजे गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायचा डबा, जुन्या पायझोला लावून बघितला तर बास आपोआप परत आला! पायझोला एवढा इनपुट इम्पीडन्स लागतोच, मिक्सरच्या लाइन इनपुटला तो नसतो, तिथेच खालचे सूर मरत होते आणि आम्ही बिचाऱ्या पिकअपला शिव्या घालत होतो.

आता हळदीला, डीजेच्या गोंगाटात मॅग्नेटिक. थंडीत शेतात भरीत पार्टी असली की पायझो आणि डीआय, तिथे बॉडीवर मारलेली थाप ऐकू यायला हवी, मॅग्नेटिकमध्ये ती येतच नाही. चिकटवायचा कॉन्टॅक्ट पिकअप एका दोस्ताने लावला होता, जळगावच्या मे महिन्यात 45 डिग्रीला त्याची टेप सुटून तो आतच लोंबकळत होता.

मॅग्नेटिकला साउंडहोलच्या कडेला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू मात्र दर दोन-तीन कार्यक्रमांनी ढिला होतो, पेचकस बॅगेत टाकूनच निघायचं.