पोस्टग्रेसचा स्टँडबाय : माल चोख, लेबलांचा घोळ

पहिलंच सांगून टाकतो, पोस्टग्रेस या डेटाबेसमधली स्टँडबाय रेप्लिकेशनची सोय, म्हणजे मेन सर्व्हरच्या डेटाची चालती नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर (स्टँडबायवर) ठेवणं, एक नंबर आहे. ओरॅकलमध्ये चालू स्टँडबायवर क्वेरी मारायच्या तर ॲक्टिव्ह डेटा गार्डचं लायसन वेगळं घ्यावं लागतं, इथे तेच काम २०१० च्या ९.० व्हर्जनपासून फुकटात चालू आहे. त्यामुळे खाली जी किरकिर करणारे ती मालाबद्दल नाही, मालावर चिकटवलेल्या लेबलांबद्दल आहे. पाचातले साडेतीन स्टार, कापलेले दीड सगळे नावांचे.

आता हॉट स्टँडबाय हे नाव घ्या. ऐकल्यावर कोणालाही वाटेल की मेन सर्व्हर पडला की हा दुसऱ्या सेकंदाला त्याच्या जागी उभा. तसं काही नाहीये. इथे हॉट म्हणजे एवढंच, की स्टँडबायला कनेक्ट होऊन सिलेक्ट मारता येतं, म्हणजे डेटा फक्त वाचता येतो, आणि वॉर्म म्हणजे प्रमोट होईपर्यंत (स्वतः मेन सर्व्हर होईपर्यंत) कनेक्टच होता येत नाही. प्रायमरी, म्हणजे मेन सर्व्हर, पडलाय हे ओळखून स्टँडबायला उठवणं हे काम पोस्टग्रेस स्वतः करतच नाही, त्यासाठी पॅट्रोनीसारखं काहीतरी बाहेरून लावावं लागतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, फेलओव्हरच्या (मेन पडल्यावर दुसऱ्याने जागा घेण्याच्या) भागात, पण तिथपर्यंत वाचतो कोण, लोक नाव बघून मॅनेजरला शब्द देऊन मोकळे होतात. वर ९.० ते ९.५ पर्यंत हॉट_स्टँडबाय हा पॅरामीटर स्टँडबायवर ऑन करायचा आणि प्रायमरीवर वॉल_लेव्हल (वॉल म्हणजे प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद) ची किंमतही हॉट_स्टँडबायच ठेवायची, म्हणजे एकाच घरात दोन बंड्या. ९.६ मध्ये त्या किमतीचं नाव रेप्लिका केलं तेव्हा कुठे सुटलो.

आणि तो पीजी_इज_इन_रिकव्हरी! सर्व्हर अजून स्टँडबायच आहे का हे या फंक्शनला विचारायचं, ट्रू आलं की आहे. एकदा कॉलवर स्क्रीन शेअर असताना मी ते चालवलं आणि पलीकडून मॅनेजर, "रिकव्हरीत? अरे काय झालं, मला कोणी सांगितलं का नाही?" दहा मिनिटं समजावत बसलो की साहेब, हा आजारी नाहीये, हा कायमच रिकव्हरीत असतो. आतून बघितलं तर नाव बरोबरच आहे, कारण क्रॅशनंतर सर्व्हर ज्या पद्धतीने वॉल परत लावत उठतो तेच काम स्टँडबाय न थांबता करत राहतो. सगळ्या नावांची गोम इथेच आहे, ज्यांनी कोड लिहिला त्यांना आत काय चाललंय ते दिसत होतं म्हणून ते नाव पडलं, बाहेर बसून वापरणाऱ्याला त्यातून काय कळेल हा विचार नंतर.

सगळ्यात मोठा दणका व्हर्जन १२ मध्ये. स्टँडबायची सेटिंग जिच्यात लिहायचो ती रिकव्हरी डॉट कॉन्फ ही फाइलच बंद केली. मी एका कामावर १४ चा स्टँडबाय उभा करत होतो, डोक्यात जुनी पद्धत, बेस बॅकअप (प्रायमरीच्या डेटाची पूर्ण प्रत) घेतला, ती फाइल टाकली, स्टार्ट मारलं, तर लॉगमध्ये फेटल, ही फाइल आता चालत नाही. हे उत्तम केलंय, बोंब मारून थांबतो तरी. मग मी त्यातल्या ओळी मुख्य कॉन्फिगमध्ये हलवल्या, स्टँडबाय_मोड ही ओळ ओळखत नाही म्हणून परत एरर, म्हटलं नसेल लागत, उडवली. या वेळी झोकात उठला. कनेक्ट होतोय, डेटा दिसतोय, मी चहाला गेलो. परत येऊन प्रायमरीवर पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन, म्हणजे जोडलेल्या स्टँडबायची यादी, बघतो तर एक ओळ नाही, रिकव्हरी विचारली तर फॉल्स, घाबरत घाबरत एक टेबल बनवून बघितलं तर तेही बनलं! स्टँडबाय कसला, पठ्ठ्या वेगळा संसार थाटून बसला होता. कारण काय, तर उडवलेल्या त्या ओळीच्या जागी आता स्टँडबाय डॉट सिग्नल नावाची रिकामी फाइल डेटा डिरेक्टरीत असावी लागते आणि ती मी बनवलीच नव्हती. चूक माझीच, बेस बॅकअप घेताना कॅपिटल आर हा ऑप्शन दिला असता तर ती आपोआप बनली असती. पण शून्य बाइटच्या फाइलवर प्रायमरी की स्टँडबाय हे ठरावं, जरा अंगावरच येतं.

डॉक्युमेंटेशनला मात्र मी नावं ठेवणार नाही. स्टँडबायवरची लांब क्वेरी मध्येच का मारली जाते, ३० सेकंदांचा तो डिफॉल्ट कुठून येतो, तो वाढवला तर स्टँडबाय किती मागे पडतो, हे इतकं प्रामाणिकपणे लिहिलंय की विकणाऱ्या कंपनीने लिहिलं नसतं. सिंक्रोनस_कमिट या सेटिंगचंही तसंच, सिंक्रोनस स्टँडबाय नेमलेला असताना ऑन ठेवलं तर स्टँडबायने वॉल डिस्कवर लिहिल्याची खात्री, पण तिथे लगेच सिलेक्टमध्ये दिसेलच असं नाही, त्यासाठी रिमोट_अप्लाय. नाव बदललेल्या गोष्टींसाठी शेवटी वेगळं परिशिष्ट आहे, १३ पासून शब्दसूचीही आहे, फक्त तिथे स्टँडबाय शोधलं की रेप्लिका बघा म्हणतात, आणि धडा उघडला की पानभर स्टँडबाय! वाचताना वर व्हर्जनचा आकडा तेवढा बघा, सर्चमधून हमखास जुनं पान उघडतं.

मायएसक्यूएलवाल्यांचंही काही वेगळं नाही म्हणा, ८.०.२२ मध्ये शो स्लेव्ह स्टेटस चं शो रेप्लिका स्टेटस केलं आणि ८.४ मध्ये जुनी कमांडच काढली. निदान नवं नाव वाचून कळतं तरी. आमच्याकडे ट्रिगर_फाइल (त्यात दिलेली फाइल दिसली की स्टँडबाय प्रमोट व्हायचा) या पॅरामीटरचं १२ मध्ये बारसं झालं, प्रमोट_ट्रिगर_फाइल असं नाव ठेवलं, आम्ही इमानदारीत सगळ्या स्क्रिप्ट बदलल्या, आणि १६ मध्ये तो पॅरामीटरच काढून टाकला. आता सरळ पीजी_प्रमोट मारतो, तेवढं एक नाव धड आहे.