सायलेंट स्विच घेतले, तरी स्पेसबार वाजतोच: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात माझ्या मेकॅनिकल कीबोर्डचा (प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असतो तो) स्पेसबार पुन्हा खुळखुळायला लागला. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, "मेकॅनिकलमध्ये एवढा आवाज असतोच." नसतो! याच कीबोर्डवर मी तो घालवून दाखवला आहे, म्हणून हे उत्तर जास्त खटकलं.

स्पेसबार 6.25 यू (एक यू म्हणजे एका साध्या कीची जागा), म्हणजे साधारण 119 मिमी रुंद, आणि त्याच्याखाली स्विच एकच. दोन्ही टोकं बरोबरीने खाली जावीत म्हणून स्टॅबिलायझरची तार असते. ती प्लॅस्टिकमध्ये जिथे अडकते तिथे जरा जरी फट राहिली, तरी प्रत्येक दाबाला धातू प्लॅस्टिकवर आपटतो. सायलेंट स्विचमधलं रबर फक्त स्विचच्या दांड्याचं आपटणं मऊ करतं, तारेचं नाही. उलट बाकीच्या की गप्प झाल्या की स्पेसबार जास्तच कानात बसतो.

यावेळी तार काढून सपाट काचेवर ठेवली. एक टोक केसभर वर राहत होतं, बोटाने दाबलं की टक्क. पक्कडीने थोडं थोडं वाकवत दोन्ही टोकं काचेला टेकवली. मग टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि स्टॅबिलायझरच्या आतल्या भिंतींना क्रायटॉक्स 205 ग्रेड 0 या वंगणाचा अगदी पातळ हात. हे जास्त झालं तर की वर यायला आळस करते. कारखान्यात लावलेलं ग्रीस सगळं कडेला सरकलं होतं. आता फक्त एक भरीव, बुटका 'थप्' येतो, आणि तो ऐकून खरंच बरं वाटतं.

स्विचबद्दल माझं मत मात्र बदललं. चेरी एमएक्स सायलेंट रेड सुरुवातीला रबरी वाटले, पैसे फुकट गेले असंच वाटत होतं. प्रवास, म्हणजे की किती खोल जाते ते, साध्या रेडच्या 4 मिमीऐवजी 3.7 मिमी; दाबायला लागणारा जोर तोच, 45 सेंटीन्यूटन. पण दिवसभर टाइप करून बोटांची टोकं दुखायची ती थांबली, कारण तळाला बसणारा दणका मऊ झाला. आता परत साधे रेड घेणार नाही.

कीबोर्डच्या खोक्यात फोम भरल्याने पोकळ घुमणं कमी होतं, तारेची खुळखुळ तशीच राहते. मागचे पाय मिटून ठेवा, मनगट वर मुडपत नाही.

टायपिंगचा वेग वाढला तो फुकटात, क्यूएमकेमुळे, म्हणजे कोणती की काय करेल हे बदलू देणाऱ्या कीबोर्डच्या आतल्या मोफत सॉफ्टवेअरमुळे. स्पेस धरून ठेवला की मधल्या ओळीतली अक्षरं बाणांच्या कीचं काम करतील, अशी सोय आधी केली होती. पण धरलं की टॅप केलं हे ठरवायची मूळ मुदत 200 मिलिसेकंद. घाईत स्पेसवरचं बोट जरा रेंगाळलं की शब्दांमधली जागा गायब आणि कर्सर भलतीकडे. तीच सोय कॅप्स लॉकवर नेली आणि त्रास संपला. दुरुस्त्या करताना हात आता जागचा हलत नाही.

डावी शिफ्ट अजून किंचित वाजते. तिची तार 2 यूची, आखूड, त्यामुळे सरळ करायला सोपी. स्विच बदलायचा विचार असेल तर आधी स्पेसबारची दोन टोकं आळीपाळीने दाबून बघा. दोन्हीकडचा आवाज वेगळा आला, तर पैसे खिशातच ठेवा आणि तार काढा.