करार आणि देशाचा कायदा: प्रबंधासाठी भारत घ्यावा की नेदरलँड्स?

आंतरराष्ट्रीय करार देशाच्या न्यायालयात कसा उतरतो, यावर एलएलएमचा (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध लिहायचा आहे, पण भारत घ्यावा की नेदरलँड्स हे ठरत नाही, अशांसाठी हे टिपण. ‘दोन्ही घेऊन तुलना करतो’ हे उत्तर ऐकायला छान वाटते. वर्षभराच्या अभ्यासक्रमात ते झेपणे कठीण.

नेदरलँड्सची घटना या बाबतीत स्पष्ट बोलते. करारातल्या ज्या तरतुदी सर्वांना बांधू शकतात, त्या प्रसिद्ध झाल्या की लागू (कलम ९३). देशाचा कायदा त्यांच्या आड आला, तर तो बाजूला ठेवायचा (कलम ९४). खरी गंमत कलम १२० मध्ये आहे: संसदेचा कायदा घटनेला धरून आहे का, हे न्यायाधीशांनी तपासायचेच नाही. घटनेचे हत्यार असे काढून घेतल्यावर तिथला वकील युरोपीय मानवाधिकार कराराकडे वळतो. ‘उर्गेंडा’ या पर्यावरणवादी संस्थेच्या खटल्यात २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला २०२० अखेर हरितगृह वायू १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्के घटवण्यास बांधून घेतले, ते याच कराराच्या कलम २ आणि ८ च्या आधारे.

आपल्याकडे चित्र नेमके उलटे. न्यायालय घटनाविरोधी कायदा रद्द करू शकते, पण करार मोडतो एवढ्यासाठी नाही. करार करते केंद्र सरकार. संसदेची आधी संमती घ्यावी असे बंधन नाही. मात्र नागरिकांच्या हक्कांना किंवा देशातल्या कायद्याला हात लागत असेल, तर संसदेने कायदा करावा लागतो, आणि कलम २५३ मुळे तो राज्यांच्या विषयावरही करता येतो. कलम ५१ आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर जोपासायला सांगते, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात बजावून घेता न येणाऱ्या भागात.

तरीही अभ्यासाला भारत जास्त रसाळ आहे, असे माझे मत. इथे नियम कमी आणि न्यायाधीशांची कारागिरी जास्त. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वतःहून लागू होत नाही असे म्हणत म्हणतच न्यायालयाने त्याच्या प्रकाशात दिवाणी प्रक्रिया संहिता वाचली आणि निव्वळ कर्ज थकले म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, असे ठरवले. ‘विशाखा’त १९९७ मध्ये महिलांविषयीच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध थेट मार्गदर्शक सूचनाच दिल्या, संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडले. करार कधी नुसता दिवा, कधी जवळजवळ कायदा. ही सीमा कुठे आहे, हाच तुमचा प्रबंध होऊ शकतो.

साधनांचे म्हणाल, तर भारतीय निकाल इंग्रजीत आणि फुकट मिळतात. ‘उर्गेंडा’चे इंग्रजी भाषांतर आहे, पण खालच्या न्यायालयांपर्यंत खोल जायचे तर डच भाषा यायला हवी. ती येत नसेल आणि शिकायला सवडही नसेल, तर नेदरलँड्स सोडा. उलट, पुढे हेगमध्ये किंवा युरोपात काम करायचे असेल, तर तीच मेहनत कारणी लागेल.

दोन्ही देशांचा मोह सुटत नसेल, तर कर आणि गुंतवणुकीच्या करारांत शिरा; तिथे ते खरोखर समोरासमोर येतात. व्होडाफोनच्या डच कंपनीवरची करमागणी मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये उचलून धरली, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली, संसदेने त्याच वर्षी पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती आणली. मग कंपनी भारत-नेदरलँड्स गुंतवणूक कराराखाली लवादाकडे गेली. २०२० मध्ये निवाडा भारताविरुद्ध गेला आणि २०२१ मध्ये ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली गेली. त्याच्या जोडीला ‘नेस्ले’चा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल वाचा: करकरारातल्या सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या कलमाचा (दुसऱ्या देशाला दिलेली सवलत यालाही, या कलमाचा) लाभ आपोआप मिळत नाही, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ९० खाली अधिसूचना लागते, असे त्यात ठरले. त्यात डच करारही होता. सुरुवात याच निकालापासून करा. आधीचे बहुतेक महत्त्वाचे भारतीय निकाल त्यात चर्चेला आलेले सापडतील.