डीपीएफ धुऊन घेतल्यानंतरचे ८ महिने

माझी १.५ लिटरची डिझेल गाडी २०२० सालची, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले त्याच वर्षीची. पुण्यात घर ते कार्यालय अंतर ६ किलोमीटर, तेही सिग्नल मोजत जायचे. ५८,००० किलोमीटर झाले असताना डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला आणि मी १५ दिवस त्याकडे काणाडोळा केला. मग एके सकाळी गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करणाऱ्या अवस्थेत, गेली आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी पिकअप मिळेनासा झाला.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून जबरदस्तीने रीजनरेशन, म्हणजे फिल्टर तापवून त्यातली काजळी जाळणे, करून पाहिले, पण गाडीच्या संगणकाने ते नाकारले. मर्यादेपलीकडे साठलेली काजळी एकदम पेटली तर उष्णतेने फिल्टर तडकू शकतो, त्यामुळे हा नकार योग्यच होता. नवा फिल्टर बसवण्याचा खर्च मात्र लाखाच्या घरात सांगितला गेला आणि तिथे मी थांबलो. काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअसला जळून जाते. इंजिन ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती साठतच राहते. राखेने फिल्टर संपण्याइतकी माझी गाडी धावली नव्हती. अडथळा काजळीचा होता, आणि तो धुलाईने जाण्यासारखा होता.

फिल्टर धुणाऱ्या एका गॅरेजने तो उतरवून आधी वजन केले, भट्टीत तापवला, उलट्या दिशेने पाणी आणि हवा सोडली आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा वजन केले. फरक निघाला ७० ग्रॅमचा; एवढ्याशा काळ्या भुकटीने गाडी अडवून धरली होती. आयडलिंगला फिल्टरच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक २८ मिलिबार होता, तो ५ वर आला. बिल साडेबारा हजारांचे झाले. काम चोख होते, पण संगणकातील काजळीची जुनी नोंद पुसायला ते विसरले, म्हणून तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला आणि माझी अर्धी रजा वाया गेली.

धुलाईपूर्वी मी बाजारात मिळणारा फिल्टर साफ करायचा फवाराही मारून पाहिला होता. या अवस्थेत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. एका ओळखीच्या मेकॅनिकने फिल्टर पोकळ करून देण्याची तयारी दाखवली. ते बेकायदा तर आहेच, शिवाय मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर काजळी सोडणे मला पटले नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जण तपासतात. रीजनरेशनसाठी सिलिंडरमध्ये उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो, आणि रीजनरेशन वारंवार अर्धवट सुटले की हे प्रमाण वाढत जाते. माझ्या डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली होती आणि ऑइलला डिझेलचा वास येत होता. ते बदलून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचे, कमी राखेचे ऑइल घातले.

त्यानंतर गाडी ७,४०० किलोमीटर चालली. साधारण ३०० किलोमीटरना एकदा रीजनरेशन होते आणि आता ते मला ओळखू येते: सिग्नलला आरपीएम १,००० च्या आसपास राहतो, तात्कालिक मायलेज घसरते आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा घरघरत राहतो. घराजवळ आल्यावर ही लक्षणे दिसली तर मी बायपासवर १५ मिनिटांची फेरी मारून येतो, ज्याची घरात यथेच्छ थट्टा होते. महिन्यातून एका रविवारी एक्सप्रेसवेने लोणावळ्यापर्यंत जातो, खालच्या गिअरमध्ये आरपीएम २,००० च्या वर ठेवून.

गेल्या आठवड्यात दाब पुन्हा मोजून घेतला, तो ७ मिलिबार भरला. कार्यालयाला आता मी बहुतेक दिवस स्कूटरने जातो.